दोन बोटं कापड

हमीदभाई गेला तेव्हा तालुक्याच्या पेपरात त्याचा फोटो आला. खाली छापलं होतं, 'ज्येष्ठ क्रीडा संघटक'. मी ते दोनदा वाचलं. हमीदभाईने जन्मात बॉल हातात धरला नाही. बॉल घरंगळत त्याच्याकडे आला की तो पाय वर घेऊन बसे. तो शिंपी होता. सावली गावच्या बाजारगल्लीत त्याचं दुकान होतं, एक मशीन, एक कपाट, बसायला एक बाकडं. आणि आमच्या राईस मिलच्या बास्केटबॉल टीममधल्या पोरांना किती पगार द्यायचा हे सहा वर्षं त्याने ठरवलं. पेपरवाल्याने हे काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. माझी शाळा पाचवीपर्यंत. मी त्या मिलमध्ये हमाल होतो, पाठ गेल्यावर चौकीदार झालो.

आधी मैदानाचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. मिलच्या मागे धान वाळवायचं सिमेंटचं मोठं अंगण आहे. शेठचा पोरगा नागपूरला शिकून आला आणि त्याने अंगणाच्या दोन टोकांना खांब गाडून रिंगा लावल्या. सकाळी तिथे धान पसरायचं, दुपारी उचलायचं, चार वाजता पोरं खेळायला यायची. झाडू माझ्याकडे. धानाचे चार दाणे राहिले तरी पोरगं घसरून पडे आणि शिवी मला बसे.

सिंदेवाहीच्या आणि चामोर्शीच्या मिलवाल्यांनीही मग टीमा काढल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत सामने. शेठ लोक हुशार. त्यांनी आपसात ठरवलं की एका हंगामात खेळाडूंवर अमुक रकमेच्या वर कोणी खर्च करायचा नाही. नाहीतर ज्याची मिल मोठी तो सगळी पोरं उचलून नेईल. म्हणजे रक्कम बांधलेली, पोरं दहा.

पहिल्या वर्षी आमच्या शेठनेच वाटप केलं. काल ज्याने चार बास्केट टाकले त्याला आज खुशीत जास्त कबूल करून बसे. संक्रांतीपर्यंत रक्कम संपली आणि चार पोरं फुकट खेळत होती. ती कशी खेळत असतील ते सांगायला नको.

पुढच्या दिवाळीत हमीदभाई टीमच्या बनियनींची मापं घ्यायला आला. पोरं त्याच्यासमोर भांडत होती. त्याने सगळं ऐकलं, टेप गळ्यात टाकला आणि म्हणाला, "शेठ, सारं कापड तुम्ही एकाच बाहीले लावलं. बाकीचं आंग उघडंच राहीन ना."

"मंग तूच काप," शेठ म्हणाले. रागात म्हणाले होते. पण हमीदभाईने ते काम घेतलं.

हमीदभाई माणसाच्या तोंडाआधी त्याच्या मनगटाकडे पाहायचा. एस.टी.त शेजारी बसलेल्याचं माप नजरेनं घ्यायचा आणि उतरताना त्याला सांगायचा, तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे, थैली डाव्या हातात धरत जा. लोकांना राग येई. लग्नाच्या नवरदेवाला त्याने एकदा विचारलं, "ह्या सहा महिन्यांत तुमचं वजन कमी झालं, काही टेन्शन आहे का?" सासरा बाजूलाच उभा होता.

त्याची मापाची एक लांबोडी वही होती. प्रत्येक पोराचं एक पान. छाती, खांदा, मनगट, पायाचा पंजा, आणि त्याच्याखाली पगार. दर दिवाळीला पुन्हा माप घेतल्याशिवाय तो पगाराचं बोलत नसे. पोरं हसत. "हमीदभाई, छाती फुगवून धरली तर हजार वाढते का?" तो म्हणायचा, "श्वास सोड बे. श्वास सोडल्यावर जे राहते ते तुहं."

त्याला उत्तर सुचलं नाही की तो मशीन चालवायचा. सुईखाली कापड नसलं तरी चालवायचा. रिकाम्या मशीनचा आवाज आला की मी समजायचो, भाई अडकला.

पोरासोरांचे कपडे शिवताना तो शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं दुमडून ठेवी. त्याला तो दाब म्हणे. पोरगं वाढलं की शिवण उसवायची, दाब बाहेर काढायचा, तोच कपडा आणखी वर्षभर चालतो. सगळेच शिंपी ठेवतात. पण बाकीचे एक बोट ठेवतात, आणि मोठ्या माणसाच्या कपड्यात ठेवतच नाहीत. हा सगळ्यांना दोन बोटं ठेवायचा. साठ वर्षांच्या सरपंचाच्या कोटातही ठेवला होता.

रैनू त्याला दाबामुळेच सापडला. रैनू गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावचा, गोंडाचा पोरगा, इथे वसतिगृहात राहून दहावीत शिकत होता. शाळेची पँट लांब करायला आला. हमीदभाईने दाब उसवून पँट लांब करून दिली. तीन महिन्यांनी पुन्हा आला. हमीदभाईने उरलेला दाब काढला. होळीच्या आधी तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी बाकड्यावर बसलो होतो.

"आता आत काहीच नाई बाप्पा," हमीदभाई म्हणाला. "तू खाते काय?"

"भात."

"अन् भाजी?"

"कधी कधी."

हमीदभाईने त्याचं मनगट हातात घेतलं, गुडघा दाबून पाहिला, चप्पल काढायला लावून पंजावर टेप धरला. बैल घेताना पाहतात तसं. मग माझ्याकडे वळला. "गनपतभाऊ, भातावर हे एवढं वाढलं. ह्याची हाडं अजून थांबली नाईत. दोन वर्सं थांबतही नाईत."

"मंग?" मी म्हणालो.

"मंग काय, ह्याले चार वाजता अंगनात घेऊन जा. झाडून ठेवजा नीट."

रैनूला बास्केटबॉल माहीत नव्हता. पहिल्या दिवशी तो बॉल दोन्ही हातांनी पोटाशी धरून पळाला. सगळे हसले. पण उडी मारून त्याने रिंगेला हात लावला तेव्हा हसणं थांबलं. हे आमच्या कप्तानालाही जमत नव्हतं.

कप्तान प्रमोद. वय तिशीच्या जवळ, खेळ पक्का, डोकं थंड. मिलमध्ये ट्रॅक्टर चालवायचा. त्या दिवाळीला हमीदभाईने त्याच्यापुढे वही उघडली आणि शेठ, मी, प्रमोद असे बसलो.

"प्रमोद, तुले ह्या वर्सी सगळ्याहून जास्त देतो. पन ह्याच वर्सासाठी."

"मले कमी द्या, पन दोन वर्साचा शब्द द्या," प्रमोद म्हणाला. "घरी बाळंतपन आहे भाऊ. पुढच्या वर्सी पाय मोडला तर?"

"पुढचं नाई बोलत मी. पुढची जागा ठेवली आहे."

"कोनासाठी? त्या ताडाच्या झाडासाठी?"

हमीदभाईने वही मिटली. त्याचा बेत मला नंतर कळला. रैनूला तेव्हा मोठा पगार देण्यात अर्थ नव्हता, तो खेळायला शिकत होता. पण दोन वर्षांनी तो मोठा होईल, तेव्हा सिंदेवाहीवाले नाही तर चामोर्शीवाले त्याला उचलतील. त्या वेळी आपल्या बांधलेल्या रकमेत त्याच्याजोगी जागा मोकळी पाहिजे. म्हणून त्याने कोणालाच पुढचा शब्द दिला नाही. सगळ्यांना शब्द त्याने फक्त होळीपर्यंतचा दिला. रैनूला मात्र तो थोडेच पैसे द्यायचा, तेही विचार करून. रैनूचा बाप दर साली माणसं घेऊन तेलंगणात मिरची तोडायला जायचा आणि पोराला शाळेतून काढून सोबत न्यायचा. दोन महिन्यांच्या मिरचीत पोरगं जेवढं कमावतं, मोजून तेवढाच पगार हमीदभाईने त्याच्या पानावर लिहिला. बाप येऊन पाहून गेला, विडी ओढली, म्हणाला, ठीक आहे, एवढ्यात राहू द्या.

प्रमोद आठ दिवसांनी चामोर्शीला गेला. तिकडे पैसे कमी मिळाले, पण दोन वर्षांचा शब्द मिळाला.

त्या वर्षी आम्ही हरलो. एकदा नाही, पाहुण्यासारखे गावोगाव जाऊन हरलो. रैनू एका वर्षात वीतभर वाढला आणि त्याला स्वतःचे हातपाय सापडेनात. बॉल पायावर पडे. आपल्याच माणसाच्या अंगावर पडे. लोक भिंतीवर बसून ओरडत, "हमीदभाई, टीम शिवून राह्यले का लंगोट?"

"हाडं पुढं गेली," हमीदभाई मला म्हणाला. "डोकं मागून येऊन राह्यलं. येईन."

त्याच वर्षी माझ्या घरी दुखणं आलं. माझी बायको कमल. चंद्रपूरला दाखवलं, नागपूरला दाखवलं. तिचं अंग उतरलं, ब्लाउज लोंबायला लागले. भाचीचं लग्न होतं, तिला जायचं होतं. मी तिला सायकलवर बसवून हमीदभाईकडे नेलं. त्याने टेप लावला नाही. नुसतं पाहिलं आणि चार ब्लाउज शिवणीत आत घेतले. दुसऱ्या दिवशी तिने दुकानातल्या पडद्यामागे एक घालून पाहिला आणि तिथूनच म्हणाली, "हमीदभाई, आतलं कापड कापून टाका ना. टोचते."

"टोचू द्या बाई," तो म्हणाला. "कापलं, अन् आंग भरून आलं, मंग मले तेच कापड कुठून आनून द्यान?"

कमल हसली. खूप दिवसांनी हसली. लग्नाला ती गेली नाही. लग्नाच्या आधी बारा दिवस ती गेली. ते चार ब्लाउज तिच्या पेटीत आहेत, आतलं कापड आतच आहे. एवढंच ह्याविषयी लिहायचं होतं.

तेरवी झाल्यावर मी पुन्हा झाडू हातात घेतला. घरी बसून काय करणार.

दुसऱ्या दिवाळीला खरी ओढाताण झाली. नागपूरचा एक तयार खेळाडू मिळत होता. शेठ मोटरसायकलने दुकानात आले. मी बाकड्यावर होतो.

"हमीद, रक्कम पडून आहे अन् आपन हरून राह्यलो. त्या नागपूरवाल्याले घे."

"तो दोन वर्साचं मागते शेठ."

"मंग दे."

"दिलं तर पुढच्या वर्सी रैनूले काय देऊ? मिरचीचाच भाव?"

"कोन रैनू? परवा त्याने आपल्याच रिंगेत बॉल टाकला."

"टाकला. पन टाकताना पाय जमिनीपासून किती वर होते ते पाह्यलं का तुम्ही?"

शेठ चिडले. म्हणाले, लोक मिलला हसतात, माझ्या पैशावर तू प्रयोग करतोस. हमीदभाई म्हणाला, "शेठ, एक वर्स. पुढच्या दिवाळीपर्यंत हे पोरगं आंगाले नाई आलं तर वही तुमची. मी बनियनीही फुकट शिवीन." शेठ माझ्याकडे वळले, जसं काही मी जामीन. मी म्हणालो, "मले काय विचारता, मी झाडू मारतो."

ते गेल्यावर मी हमीदभाईला माझं मत सांगितलं. तोंडावर सांगितलं. "तू रैनूसाठी जागा राखली ते ठीक. पन प्रमोद त्यात भरडला ना. त्यालेही पोट आहे."

प्रमोदचा गुडघा त्या पावसाळ्यात चामोर्शीला सराव करताना निकामी झाला होता. चामोर्शीवाल्यांनी शब्द पाळला, तो बसून होता तरी दुसऱ्या वर्षाचा पगार दिला. म्हणजे प्रमोदने बरोबर केलं होतं. आमच्याकडे राहिला असता तर त्याच्या हातात काहीच आलं नसतं.

"तू अजून वाढनाऱ्याचं पाहतो," मी म्हणालो. "जो वाढून झाला, त्याचं कोन पाहीन?"

हमीदभाईने मशीन चालू केलं. सुईखाली कापड नव्हतं. बराच वेळ चालवलं. मग चहा मागवला. पुढे प्रमोदच्या मुलीचे फ्रॉक तो शिवायचा तेव्हा पैसे घेत नसे, पण त्याने प्रमोदची माफी मागितली असं मी ऐकलं नाही. त्याला ते जमत नव्हतं. मला वाटतं त्याचं तिथे चुकलं, आणि ते त्याला माहीत होतं.

तिसऱ्या दिवाळीला रैनूचं माप घेतलं. मनगट गेल्या दिवाळीएवढंच. पंजा तेवढाच. हमीदभाईने दोनदा टेप लावला, मग वहीत पगार लिहिला. टीममध्ये सगळ्यात जास्त. रैनूने पान पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, हे चुकून लिहिलं का?"

"चुकलं असन तर होळीले परत घेईन. जा, खेळ."

त्या हंगामात तो कसा खेळला हे मला नीट लिहिता येत नाही. मी बॉलकडे कमी आणि जमिनीकडे जास्त पाहायचो, दाणा राहिला की काय म्हणून. एवढं सांगतो की सिंदेवाहीच्या सामन्यात तो उडाला आणि मी चारपर्यंत मोजलं, मग तो खाली आला. मी जरा लवकर मोजत असेन. शेठ खुर्चीवर उभे राहिले होते. हमीदभाई भिंतीला टेकून एका पोराच्या बनियनीला गुंडी लावत होता. वर पाहिलंही नाही. मी म्हटलं, "पाह्य ना." म्हणाला, "मी दोन वर्सं आधीच पाह्यलं."

शेवटचा सामना आम्ही जिंकलो नाही. एका बास्केटने गेला. पण त्या होळीला चामोर्शीवाले रैनूकडे आले, सिंदेवाहीवाले आले, आणि आमच्याकडे त्याला द्यायला जागा होती. शेठने स्वतः दोन वर्षांचा शब्द द्यायची तयारी दाखवली. हमीदभाई जिंकला असं सगळे म्हणाले.

आणि रैनू पोलीस भरतीत लागला.

उंची होती, धावणं होतं, बारावी झाली होती. बापाने कागद भरले होते, कोणाला न विचारता. सरकारचा पगार, म्हातारपणापर्यंतचा. बास्केटबॉलमध्ये असला शब्द कोण देणार. रैनू पेढे घेऊन दुकानात आला आणि उभाच राहिला. बसेना.

"भाऊ, तुम्ही माह्यासाठी दोन वर्सं..." एवढंच म्हणाला.

"गप बे," हमीदभाई म्हणाला. "खाकीचं कापड आनलं का?"

शेठ नंतर येऊन ओरडले. दोन वर्षं रक्कम दाबून ठेवली, नागपूरवाला गेला, प्रमोद गेला, आणि पोरगं एक हंगाम खेळून चाललं. हमीदभाईने ऐकून घेतलं. म्हणाला, "शेठ, कपडा एक वर्स आंगाले बसला. शिंप्याले अजून काय पाह्यजे?" आणि मापाची वही त्यांच्या हातात दिली. शेठ ती घेईनात. मग ती माझ्याकडे आली. अजून माझ्याकडेच आहे, कमलच्या पेटीत.

रैनूचा खाकी शर्ट त्याने शिवला. मी पाहत होतो. रैनू म्हणाला, "भाऊ, दाब नका ठेवू. आता नाई वाढत मी. तुम्हीच तर मोजलं." हमीदभाईने दोन बोटं ठेवलीच. "उंची थांबली," म्हणाला. "खांदे थांबले असं मी कुठी म्हटलं?"

त्यानंतर हमीदभाईचं दुकान अर्धा दिवस उघडं राहू लागलं. मग आठवड्यातून दोन दिवस. त्याच्या पोटात काय होतं हे डॉक्टरने त्याच्या पोराला सांगितलं आणि पोराने मला. हमीदभाईने कोणालाच विचारलं नाही. तो रोज स्वतःचं मनगट दोन बोटांत धरून पाहायचा. त्याला डॉक्टरची गरज नव्हती.

शेवटचं पाहिलं ते असं. दुपार होती. रैनू ट्रेनिंगहून सुट्टीवर आला होता. पिशवीतून तोच खाकी शर्ट काढला आणि म्हणाला, खांद्यात फाटते आहे. हमीदभाईने हात पुढे केला. शर्ट घेतला, ब्लेडने शिवण उसवली, दाब बाहेर काढला, नवीन शिवण घातली. रैनूने घालून पाहिला. बसला. हमीदभाईने त्याच्या पाठीवर दोन्ही हात सपाट ठेवले, खांद्यापासून खांद्यापर्यंत, आणि तसेच थोडा वेळ ठेवले. मग म्हणाला, "तिकडं मैदान आहे का?"

"आहे भाऊ. रोज खेळतो."

"बरं."

रैनू पाया पडून गेला. मी उठणार होतो. हमीदभाईने स्वतःच्या अंगातला पांढरा शर्ट काढला आणि नुसत्या बनियनीत बसून तो उलटा केला. शर्ट त्याला फार मोठा होऊ लागला होता. खांदे हातावर उतरायचे. दोन्ही बाजूंनी त्याने तो आत घेतला. शिवण सरळ गेली. मशीन थांबलं. आत चांगलं चार-चार बोटं कापड गोळा झालं होतं. त्याने कात्री उचलली.

"हमीदभाई," मी म्हणालो. "आतलं कापड राहू दे ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग शर्टाकडे पाहिलं.

"टोचते," तो म्हणाला, आणि कापलं.